अशरफच्या डोक्यातला नकाशा

अशरफ होडेकरला गावात कोणी विचारलं, "तिकडे कुवेतला तुम्हाला कोण ओळखतं हो?" तर तो हसून सांगायचा, "माणसं फार नाही ओळखत. पाणी ओळखतं." ऐकणाऱ्याला वाटायचं, गल्फवाला आहे, मारतोय फुशारकी. पण खोटं काही नव्हतं त्यात. फहाहीलकडे जाणाऱ्या मोठ्या रस्त्यालगत एक जुना गोल्फ क्लब आहे. त्याच्या अठराच्या अठरा होलना पाणी कुठून येतं, कुठे वळतं, कुठे थांबवायचं, हे जगात एकाच माणसाला ठाऊक होतं. तो माणूस म्हणजे जयगडच्या खाडीकाठचा हा अशरफ.

आता तुम्ही म्हणाल, एवढ्या मोठ्या क्लबात नकाशा नव्हता? होता की! पाइप टाकणारी कंपनी कधीच गाशा गुंडाळून गेली. ऑफिस एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत हलवताना नकाशाच्या गुंडाळ्या कुठे गेल्या ते कोणालाच कळलं नाही. राहिला अशरफ. सत्त्याण्णव साली तो साधा मजूर म्हणून आला, तेव्हा हे पाइप टाकले जात होते आणि निम्मे चर त्याच्या हातानं खणलेले. पुढे वर्षानुवर्षं गवतावर वाळूचे थर दिले गेले, वॉल्वची झाकणं हात-हातभर खाली गेली. वरून बघाल तर सगळीकडे सारखंच हिरवं. पण मुख्य लाइनीवरचे त्रेचाळीस वॉल्व अशरफच्या डोक्यात जागच्या जागी होते.

ते शोधायची त्याची रीतही न्यारी. तो मोजायचा नाही, पावलं टाकायचा नाही. नुसता चालत जायचा, मध्येच थांबायचा, दोनदा मान वळवायचा आणि म्हणायचा, "इथे खण." खणलं की झाकण! नवे कामगार तोंडात बोटं घालायचे. अहो, जादू कसली? खाडीबाहेर मासे मारणाऱ्या बापाची विद्या होती ती. किनाऱ्यावरचा माड आणि त्याच्या मागचा दर्ग्याचा घुमट एका रेषेत आले, आणि दुसऱ्या बाजूला खडकाचं टोक डोंगराच्या खिंडीत बसलं, की होडी नेमकी मासळीच्या जागेवर. दोन रेषा जिथे एकमेकींना छेदतात, ती जागा. अशरफनं तेच वाळवंटात लावलं. दूरची खूण म्हणून निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या उंच पाण्याच्या टाक्या, मशिदीचा मिनार. जवळची खूण म्हणून झाड. अमुक झाडामागे मिनार लपला आणि तमक्या झाडावर टाकी बसली, की पायाखाली वॉल्व.

बापानं मासळीच्या जागा कोणाला सांगितल्या नव्हत्या. अशरफनंही वॉल्व कोणाला सांगितले नाहीत. "सांगितलं की संपलं," तो पंपावरच्या ओवैसला म्हणायचा. ओवैस रायगडकडचा, वीस वर्षांचा सोबती. "चार मॅनेजर आले न् गेले, ओवैस. मला कोणी हात लावला? का नाही लावला? ह्याच्यामुळे!" असं म्हणून कपाळावर बोट टकटक वाजवायचा. आणि खरंच होतं ते. किती चांगली चांगली माणसं घरी पाठवली गेली, अशरफ जागचा हलला नाही.

हलला नाही म्हणजे खरोखरच हलला नाही हो! उन्हाळ्यात त्याला रजा कधी मिळालीच नाही. क्लबचे मेंबर जूनमध्ये थंड देशांना पळतात, मैदान रिकामं होतं, आणि वर्षभराची दुरुस्ती त्याच तीन महिन्यांत उरकायची असते. ग्रीनला, म्हणजे होलभोवतीच्या गवताच्या गादीला, भोकं पाडून वाळू भरायची, गवत वाढवायचं, पाइप बदलायचे, सगळं पन्नास डिग्रीत. त्यात पाणी चार तास चुकलं तर ग्रीन गेलंच समजा. मग अशरफला कोण सोडणार? त्याची रजा नेहमी डिसेंबरात. थोरल्या मुलीचं लग्न मे महिन्यात झालं, ते त्यानं मोबाइलवर पाहिलं. आणि आता धाकटीचं, लुबनाचं, ठरलं होतं आठ ऑगस्टला. नवरा मुलगा दोहात नोकरीला, त्याला रजा तेव्हाच.

अशरफनं मेमध्येच मॅनेजरला विचारून पाहिलं होतं. मॅनेजर लेबनीज, माणूस वाईट नव्हता. तो म्हणाला, "अशरफ, तू ऑगस्टमध्ये गेलास तर पाणी कोण बघणार? एक नाव सांग, आत्ता सही करतो." अशरफकडे नाव नव्हतं. हे त्यानं घरी सांगितलं तेव्हा त्याच्या आवाजात दुःख होतं, पण थोडी ऐटही होती; बायकोला ती बरोबर ऐकू आली. "माझ्यावाचून चालतच नाही त्यांचं, रहिमा."

"इथे आमचं चालतंय ना तुमच्यावाचून, झालं तर," रहिमा म्हणाली आणि तिनं फोन लुबनाकडे दिला.

लुबना म्हणाली, "बरं अब्बा," एवढंच. त्या "बरं"मुळे मात्र अशरफला दोन दिवस जेवण गोड लागलं नाही.

त्याच मे महिन्यात क्लबात पाण्याच्या कामासाठी नवी इंजिनीयर आली, चारुता. मूळची लातूरची, एकोणतीस वर्षांची, सालमियात नवऱ्याबरोबर राहणारी. पहिल्याच दिवशी तिनं नकाशा मागितला. अशरफनं कपाळावर बोट वाजवलं. चारुता हसली नाही. "अशरफभाई, तुम्ही आजारी पडलात तर?"

"मी आजारी पडत नाही, मॅडम."

"आमच्या लातूरला विहिरी आटणार नाहीत असं म्हणायचे सगळे," ती म्हणाली. "मग आगगाडीनं पाणी आणावं लागलं."

पोरगी बोलायला फटकळ आहे, असं अशरफचं मत झालं. पण पहाटे चारला टोपी घालून सगळ्यांच्या आधी हजर असायची, हेही त्यानं पाहून ठेवलं.

त्या वर्षी मोठं काम होतं ते पश्चिमेच्या बाजूचं. तिकडे वाळवंटातून तोज येते, म्हणजे धुळीचं वादळ. ती अडवायला नव्याण्णव साली कोनोकार्पसची झाडं लावली होती, लावणारा अशरफच. कोकणात किनाऱ्याला सुरूची झाडं लावतात तशी खेटून खेटून लावली त्यानं, दोनशेवर झाडं. पाणी मिळालं, भराभरा वाढली, भिंतच उभी राहिली हिरवीगार. मेंबर लोक त्या सावलीत गाड्या लावायचे. पण ह्या झाडाची मुळं म्हणजे चोर. पाण्याच्या वासानं पाइपाच्या सांध्यात शिरायची, आत शेपटीसारखे झुपके वाढवायची. अकराव्या होलचं ग्रीन दोन वर्षं पिवळं पडत होतं ते ह्याच्यामुळे.

झाडं तोडा म्हणायला सगळेच कचरत होते, कारण ती अशरफची. शेवटी अशरफच बैठकीत छाती ठोकून म्हणाला, "माझी झाडं आहेत, मीच सांगतो. काढा सगळी, मुळासकट. तिथे बोरं लावू." बोर म्हणजे इथलं सिद्र, आपल्या बोरीचंच भावंड, मुळं सरळ खाली जाणारं. चारुता म्हणाली, "लावणी ऑक्टोबरमध्ये करू, उन्हाळ्यात रोपं जळतील." अशरफनं मान हलवली. "झाडं काढताना जमीन उकरली जाणारच आहे. ऑक्टोबरात मेंबर आले की कुदळसुद्धा मारू देणार नाहीत. रोपं मी जगवतो. माझी जबाबदारी."

जूनमध्ये यंत्रं आली आणि आठ दिवसांत सव्वीस वर्षांची भिंत साफ झाली. बुंधेसुद्धा भुसा करून काढले. अशरफनं डोळ्याला गमचा लावला, भुसा उडतोय म्हणाला. मग राई नावाच्या भागातल्या नर्सरीतून साठ सिद्र आणली. पहाटे चार ते आठ लावणी. खड्डा खोल, रोप जमिनीच्या हातभर खाली, भोवती कोकणात माडाला करतात तसं रुंद आळं, आळ्यात खजुराच्या झावळ्यांचा थर, आणि पश्चिमेकडून पोत्याचा आडोसा. चारुता सगळं बघून घेत होती. पंधरा दिवसांनी साठातल्या अठ्ठावन्न रोपांना नवी पालवी होती. "बघा मॅडम!" अशरफ म्हणाला. चारुतानं प्रामाणिकपणे कान पकडले. त्या दिवशी अशरफचा रुबाब पाहण्यासारखा होता!

आणि मग आली जुलैची एकोणीस तारीख.

पहाटे साडेपाचला ओवैसचा फोन आला. पश्चिमेची मोठी लाइन फुटली होती. मुळं उपटताना पाइप कुठेतरी हलला असणार, तो आता सांध्यातून सुटला. पंप बंद केला तरी पाणी थांबेना, कारण क्लबची साठवणीची टाकी उंचावर, तिचं पाणी आपोआप उतारानं फुटक्या पाइपातून वाहतच होतं. टाकीजवळचा वॉल्व गंजून कायमचा उघडा राहिलेला. तो बदलायचं काम दर वर्षी पुढच्या वर्षावर ढकललं जायचं. म्हणजे मधला वॉल्व, सतरा नंबरचा, बंद करणं एवढाच उपाय. टाकी रिकामी झाली तर पुढचं पाणी दोन दिवसांनी. दोन दिवसांत अठरा ग्रीनचं वाळलेलं गवत आणि साठ रोपांच्या काड्या!

"सतरा ना? घाबरू नका," अशरफ म्हणाला. "पाच मिनिटं."

तो नेहमीसारखा चालत गेला. थांबला. मान डावीकडे वळवली. मिनार दिसत होता. स्वच्छ दिसत होता. पण तो ज्याच्या मागे लपायचा ते झाड नव्हतं. उजवीकडे वळला. टाकी होती, झाड नव्हतं. समोर नुसती सपाट जमीन आणि हातभर उंचीची रोपं, पोत्याच्या आडोशाला बसलेली.

अशरफच्या पायाखालची वाळू सरकली. आपल्याच तोंडानं आपण आपल्या खुणा तोडायला सांगितल्या! बैठकीत छाती ठोकली तेव्हा हे कसं डोक्यात आलं नाही? पश्चिमेचे सगळे वॉल्व त्या झाडांवर बांधलेले होते, एकूणएक. बापाची होडी समुद्रातच राहिली आणि किनारा कोणी उचलून नेला, अशी गत. आणि उचलून नेणारा कोण, तर आपणच.

त्यानं तोंडावर काही दिसू दिलं नाही. "इथे खणा." खणलं, काही नाही. "दोन हात पलीकडे." नाही. तिसरा खड्डा, चौथा खड्डा. कामगार एकमेकांकडे बघायला लागले. अशरफभाईंचा खड्डा रिकामा निघाला असं त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. चारुतानं मोबाइलवर जुना उपग्रहाचा फोटो काढून दाखवला, पण त्यात झाडांचा एकसंध हिरवा पट्टा. कुठलं झाड कुठलं, अल्ला जाणे. धातू शोधायचं यंत्र भाड्यानं मिळत होतं, पण दुसऱ्या दिवशी. अकरा वाजले. उन्हाळ्यात अकरा ते चार उघड्यावर काम करायला बंदी. सगळ्यांना आत यावं लागलं. टाकी अर्ध्यावर आली होती.

पंपाच्या खोलीत अशरफ भिंतीला टेकून बसला. चारुता पाण्याची बाटली घेऊन समोर बसली. "अशरफभाई, काय झालं?"

खोटं बोलायला त्याच्याकडे जागा होती. जमीन खचली म्हणता आलं असतं, वॉल्व सरकला म्हणता आलं असतं. पण तो दमला होता. त्यानं पहिल्यांदाच कोणाला तरी सांगितलं: झाड, मिनार, टाकी, बापाची होडी, सगळं. चारुता ऐकत राहिली. मग तिनं एवढंच विचारलं, "धुकं पडलं, किनारा दिसला नाही, तर तुमचे वडील काय करायचे?"

काय करायचा बाप? खाडीच्या तोंडाशी लांब बांबू पाण्यात खुपसायचा. हाताला कळायचं, खाली चिखल आहे की खडक.

चार वाजता अशरफ बाहेर पडला तो आठ फुटी सळई घेऊन. इथली जमीन वरून वाळू, पण हातभर खाली गच. सिमेंटसारखा कठीण थर. सत्त्याण्णव साली तो फोडताना त्याच्या तळहातांची सालं निघाली होती. जिथे चर खणला, तिथे गच फुटलेला, वर नुसती भुसभुशीत वाळू. म्हणजे सळई जिथे अडेल तिथे काही नाही. जिथे आत जाईल तिथे चर. त्यानं आडवं चालायला सुरुवात केली. ठक्. ठक्. ठक्. उन्हानं सळई हाताला चटके देत होती, गमचा गुंडाळून धरली. पन्नास पावलं, ठक्. साठ, ठक्. आणि मग सळई सरसरत खोल आत गेली.

"सापडला चर!" अशरफ ओरडला. मग चराच्या दिशेनं, पाऊल पाऊल, डावीकडे खुपस, उजवीकडे खुपस. एका जागी दोन्हीकडे मऊ लागलं. चर तिथे रुंद होता; वॉल्व बसवायला तो रुंद करावाच लागतो. "इथे खणा," तो म्हणाला. ह्या वेळी आवाज नेहमीचा होता. हातभर खाली फावड्याला झाकण लागलं. सगळ्या कामगारांनी मिळून एकच गलका केला!

सहाला वॉल्व बंद झाला. दोन तासांत पाइप जोडला, टाकीत एक चतुर्थांश पाणी उरलं होतं, ते आधी ग्रीनना आणि रोपांना दिलं. नऊ रोपं गेली. बाकीची तगली.

दुसऱ्या दिवशी पहाटे चारला अशरफ चारुताच्या ऑफिसच्या दारात उभा. "वही घे, पोरी. ते मशीन पण घे, जागा नोंदवायचं." मॅडमची पोरी कधी झाली ते दोघांनाही कळलं नाही.

"काय लिहायचंय?"

"सगळं."

ओवैसनं त्याला बाजूला ओढलं. "अरे, वेड लागलं का तुला? हेच तर होतं तुझ्याकडे!"

"होतं कुठे, ओवैस? काल बघितलंस ना, किती होतं ते?" अशरफ म्हणाला. "बाप गेला तेव्हा जागा बरोबर घेऊन गेला. आमच्या घरात परत तशी मासळी नाही आली. कोणाचं भलं झालं त्यात?"

चार पहाटा ते दोघं फिरले. पूर्वेकडच्या खुणा शाबूत होत्या, तो मान वळवून सांगायचा. पश्चिमेला सळई होती. प्रत्येक वॉल्व उघडला की चारुता नोंद करायची, झाकणाला पिवळा रंग मारायची. मध्ये एकदा, एकतीस की बत्तीस नंबरला, अशरफच्या मनात आलं, दोन-तीन ठेवावेत आपल्यापाशी. कोणाला कळणार आहे? त्यानं स्वतःलाच एक शिवी घातली आणि म्हणाला, "इथे खण." शेवटी बेचाळीस झाले. त्रेचाळिसावा त्यालाच आठवेना. "हा मला माहीत नाही," तो म्हणाला. अशरफ होडेकरच्या तोंडून हे वाक्य क्लबात पहिल्यांदा ऐकू आलं, आणि आभाळ काही कोसळलं नाही. धातू शोधायचं यंत्र लावून चारुतानं तोही शोधला.

नकाशा छापून आला, भिंतीवर लागला. मॅनेजर त्याच्यासमोर बराच वेळ उभा राहिला आणि मग अशरफकडे वळून म्हणाला, "आता नाव आहे तुझ्याकडे?"

"चारुता मॅडम," अशरफ म्हणाला.

मॅनेजरनं तिथेच, उभ्या उभ्या, रजेवर सही केली. वीस दिवस.

पाच ऑगस्टला अशरफ घरी पोचला. लुबना दारात आली आणि गळ्यात पडली. घरात पाहुण्यांची झुंबड, स्वयंपाकाची कढई दिवसभर चुलीवर. अशरफ सगळीकडे मिरवत होता, पण हात खिशातल्या फोनवर. आज वाजेल, आज काहीतरी अडेल. पाच गेली, सहा गेली, सात गेली. फोन वाजलाच नाही.

आठ तारखेला निकाह झाला, जेवणाच्या पंगती मांडल्या जात होत्या, तेव्हा त्याला राहवेना. मागच्या पडवीत जाऊन त्यानं चारुताला फोन लावला. "काय गं, पाणी?"

"चाललंय की, अशरफभाई! चौदाव्या होलचा सांधा गळत होता, सव्वीस नंबरचा वॉल्व बंद करून दुरुस्त केला. तुम्ही लग्नाचं बघा. लुबनाला माझ्याकडून मुबारक सांगा."

"काहीच अडलं नाही?"

"काहीच नाही."

त्यानं फोन ठेवला. खरं सांगायचं तर त्याला आधी झोंबलं, चांगलंच झोंबलं. चार दिवसांत एकदासुद्धा नाही? आणि मग त्याच्या मनात थोरलीचं लग्न आलं, मोबाइलच्या एवढ्याशा पडद्यावर पाहिलेलं. दोघींच्या शाळा आल्या, रहिमाचं ऑपरेशन आलं, आंब्याच्या दिवसांत रिकामी राहिलेली त्याची जागा आली. तो पडवीच्या पायरीवर बसला आणि पोरासारखा रडायला लागला.

रहिमा शोधत आली. "अहो, काय हे! पोरगी काय सात समुद्रापार चाललीय का?"

"पोरीचं नाही गं," अशरफ म्हणाला. "मला अठ्ठावीस वर्षं येता आलं असतं."

रहिमालाही बरंच काही बोलता आलं असतं, अठ्ठावीस वर्षांचं होतं तिच्याकडे. तिनं पदरानं त्याचं तोंड पुसलं आणि दंडाला धरून उठवलं.

"आता आलात ना," ती म्हणाली. "चला, मुलीचा बाप कुठे आहे म्हणून पंगत खोळंबलीय."